कुष्ठरुग्णांना घर देणारे दाजीसाहेब

अमरावती : अमरावती शहरातून विद्यापीठाकडे जाताना तपोवन गेट हा थांबा लागतो. पश्चिम विदर्भाच्या पाचही जिल्ह्यांतून शिकायला आलेली मुले रोज येथे चढतात-उतरतात. तपोवन हे आता शहराच्या एका भागाचे नाव झाले आहे, आणि ते कोणी व कशासाठी ठेवले हे ठाऊक असणारी पिढी मागे पडत चालली आहे. त्या नावामागे डॉ. शिवाजीराव गणेश पटवर्धन, अर्थात वऱ्हाडचे दाजीसाहेब, यांचे चार दशकांचे परिश्रम आहेत. ज्या काळात कुष्ठरुग्णाला गावकुसाबाहेर काढणे हाच समाजाचा नियम होता आणि त्याला कोंडून ठेवणे हाच सरकारचा कायदा होता, त्या काळात त्याला स्वतःच्या घराचा आणि स्वतःच्या कमाईचा मान मिळवून देणारा हा माणूस. देशाच्या कुष्ठरोगविषयक धोरणाने नंतर बरीच मजल मारली. मात्र त्या धोरणात जी एक जागा दीर्घकाळ मोकळी राहिली, ती दाजीसाहेबांनी अमरावतीत आधीच भरून दाखविली होती. त्यांचे जीवन आज पुन्हा आठवण्याचे कारण हेच आहे.

जमखंडी ते अमरावती

दाजीसाहेबांचा जन्म २८ डिसेंबर १८९२ रोजी जमखंडी संस्थानातील आसंगी या गावी झाला. हा भाग आज कर्नाटकात मोडतो. होमिओपॅथीचे शिक्षण घेऊन हा तरुण डॉक्टर अमरावतीत आला आणि येथलाच झाला. जन्माने दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानी वातावरणातला हा माणूस पुढे इतका वऱ्हाडी झाला की, त्यांचे मूळ गाव कोणते, हे सांगणारे अमरावतीत फारसे उरले नाहीत.

त्या काळची अमरावती ही दादासाहेब खापर्ड्यांची, वीर वामनराव जोशी यांची अमरावती होती. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा येथे मोठा प्रभाव होता. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान आखाड्याने शहरातील तरुणांना व्यायामाबरोबरच देशकार्याचे वळण लावले होते. हाच आखाडा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर नावारूपाला आला, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. या मंडळाशी दाजीसाहेबांचा निकटचा संबंध होता. शिस्त, शरीरश्रम आणि संघटना ही आखाड्याची त्रिसूत्री त्यांच्या पुढील कामात पदोपदी दिसते.

गांधीयुग सुरू झाले तेव्हा वऱ्हाड मागे राहिला नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्र कोठून आणायचा, हा प्रश्न वऱ्हाडापुढे होता. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे पूर्णा खोऱ्यातील खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कार्यकर्त्यांनी तो सोडविला. त्याच वर्षी जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे जंगल सत्याग्रह झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या या वातावरणात दाजीसाहेब स्वयंसेवकांच्या संघटनेत पुढे होते. त्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला. चांगला चालणारा वैद्यकीय व्यवसाय आणि राजकारणातील मानाचे स्थान या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाताशी होत्या. स्वातंत्र्य दृष्टिपथात आल्यावर त्यांच्यासारख्या कार्यकर्त्याला सत्तेच्या राजकारणाचा रस्ता मोकळा होता. त्यांनी वाट धरली ती महारोग्यांच्या सेवेची.

महारोगी म्हणजे गावाबाहेरचा

तो काळ डोळ्यांसमोर आणल्याखेरीज या निर्णयाचे मोल कळणार नाही. महारोग किंवा रक्तपिती या नावांनी ओळखला जाणारा हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजला जाई. नॉर्वेचे डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधून काढला होता, तरी ते ज्ञान आपल्या गावखेड्यांपर्यंत पोहोचले नव्हते. हा जंतू अत्यंत संथ गतीने वाढतो. शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, तर काही रुग्णांत वीस वर्षांपर्यंतही. जंतूचा मुख्य हल्ला त्वचेवर आणि मज्जातंतूंवर होतो. चट्ट्याच्या जागी बधिरता येते, हातापायांची संवेदना जाते, आणि मग चुलीचा चटका किंवा पायात रुतलेला काटाही रुग्णाला कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. लोकांना दिसत असे ती ही अखेरची अवस्था, आणि तिलाच ते रोग समजत. त्या अवस्थेतील अनेकांच्या शरीरात जंतू उरलेलाही नसे, हे कोणाच्या ध्यानी येत नसे.

वस्तुतः बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूशी लढण्याची शक्ती उपजतच असते. उपचार न घेतलेल्या सांसर्गिक रुग्णाचा दीर्घकाळ निकट सहवास घडल्यावरच लागण होण्याचा धोका संभवतो. पण भीतीला हे तर्क पटत नाहीत. घरातल्या माणसाला रोग जडला की त्याचे ताट वेगळे होई, पुढे खाट गोठ्यात जाई आणि शेवटी तो माणूसच गावाबाहेर जाई. मग जत्रा-यात्रांतील रस्त्यांच्या कडेला, देवळांच्या पायऱ्यांवर आणि रेल्वे स्थानकांच्या आवारात हात पसरणे एवढेच त्याच्या नशिबी उरे. ऋणमोचनच्या यात्रेत अशा अपंग व महारोग्यांना पंगतीला बसवून जेवू घालणारे गाडगेबाबा हे वऱ्हाडात त्या काळी अपवाद होते.

सरकारी धोरण याहून फारसे वेगळे नव्हते. ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये महारोग्यांविषयीचा कायदा केला. निराधार, भटक्या महारोग्यांना पकडून आश्रमांत ठेवणे आणि त्यांना ठराविक व्यवसायांपासून दूर ठेवणे, हा त्याचा गाभा होता. रुग्ण बरा व्हावा यापेक्षा तो दृष्टीआड व्हावा, याची काळजी त्यात अधिक होती. मिशनऱ्यांनी मात्र ठिकठिकाणी सेवेचे काम उभारले होते. अचलपूर-परतवाड्याच्या परिसरातील कोठारा येथील मिशनचे कुष्ठालय हे वऱ्हाडातील त्याचे उदाहरण. औषध म्हणाल तर चालमोगऱ्याच्या तेलावाचून दुसरे काही हाती नव्हते. त्याची वेदनादायक इंजेक्शने वर्षानुवर्षे घेऊनही गुण येईलच, अशी खात्री नसे.

चोपन्नाव्या वर्षी नवा आरंभ

विदर्भाच्या भूमीत याच सुमारास एक वेगळा विचार रुजत होता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते. मिशनऱ्यांच्या बाहेर, भारतीय कार्यकर्त्याने उभारलेल्या या स्वरूपाच्या कामांतील हे आरंभीचे काम होय. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. १९४१ मध्ये लिहिलेल्या रचनात्मक कार्यक्रमात त्यांनी महारोग्यांच्या सेवेचा समावेश केला. स्वराज्याच्या कामातच हेही काम येते, असा त्याचा अर्थ होता.

दाजीसाहेबांनी हा अर्थ मनावर घेतला. १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना झाली. तेव्हा ते चोपन्नाव्या वर्षात होते. ज्या वयात माणसे हातातील कामे आवरू लागतात, त्या वयात त्यांनी जमलेला व्यवसाय मागे ठेवून शून्यातून सुरुवात केली. अमरावती शहराबाहेर, टेकड्यांच्या सोबतीला, त्या काळी ओसाड समजल्या जाणाऱ्या जागेवर १९५० च्या सुमारास श्री जगदंबा कुष्ठनिवास आकाराला आले. त्यालाच लोक तपोवन म्हणू लागले. महारोग्यांचा आश्रम म्हटल्यावर जी करुणेची आणि किळसेची छटा येते, ती या नावात नव्हती.

तपोवन उभे राहत असताना वऱ्हाडचा राजकीय पत्ता सतत बदलत होता. मंडळ स्थापन झाले ते मध्य प्रांत व वऱ्हाडात, पहिल्या झोपड्या उभ्या राहिल्या त्या मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये संस्था द्विभाषिक मुंबई राज्यात आली आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, मंत्री बदलले, खाती बदलली. अनुदानासाठी ज्यांच्या दारात जायचे ते दार प्रत्येक वेळी नवे असे. अशा स्थितीत शेकडो रुग्णांच्या रोजच्या जेवणाची तजवीज करणारी संस्था टिकवायची, तर ती केवळ सरकारवर किंवा केवळ देणगीदारांवर विसंबून चालणार नव्हते.

तपोवनची रीत

तपोवनात रुग्णाने बसून खायचे नाही, हा पहिला नियम होता. हा नियम कठोर वाटेल, पण त्यामागे रुग्णाच्या मनाची जाण होती. ज्याला समाजाने भिकारी ठरविले आहे, त्याला पुन्हा भिकेचेच अन्न वाढले तर त्याच्या मनातील उरलासुरला माणूसही मरतो, हे दाजीसाहेबांनी ओळखले होते. म्हणून उपचाराच्या जोडीला काम आले. रुग्णांनी जमीन तयार केली, झाडे लावली, शेती केली. विणकाम आणि सुतारकाम यांसारखे उद्योग सुरू झाले. ज्याच्या हाताला जे जमेल ते काम त्याला देण्यात आले.

येथे एक वैद्यकीय अडचण होती. बधिर हातांनी करवत किंवा कोयता धरणे धोक्याचे असते, कारण जखम झाल्याचे करणाऱ्याला समजतच नाही. त्यामुळे कोणाला कोणते काम द्यावे, कामानंतर हातपाय कसे तपासावेत, जखमेची निगा कशी राखावी, हा सारा अशा वसाहतीतील उपचाराचाच भाग असतो. आज वैद्यकीय भाषेत ज्याला पुनर्वसन आणि स्वतःची निगा म्हणतात, ते तपोवनच्या दिनक्रमात होते.

दुसरी गोष्ट घराची. इस्पितळातील खाट बरा झालेल्या रुग्णाने सोडायची असते. पण महारोगातून बरा झालेला माणूस जाणार कोठे? घरी त्याच्या नावाने स्नान करून माणसे मोकळी झालेली. शेताच्या सातबाऱ्यावरून त्याचे नाव गेलेले. मुलीचे लग्न मोडेल म्हणून भाऊ त्याला दारात उभे करीत नसे. अशा माणसाला बरा झालास, आता जा, असे सांगणे म्हणजे त्याला पुन्हा स्थानकाच्या फलाटावर नेऊन बसविणे होते. तपोवनात त्याला राहायला जागा मिळाली, शेजार मिळाला, काहींना संसारही मिळाला. त्यांची निरोगी मुले शिकली पाहिजेत, हा आग्रह त्यातूनच आला. अमरावतीच नव्हे, तर अकोला, बुलडाणा, यवतमाळ या भागांतील कुष्ठरुग्णांनाही तपोवन हे नाव आधाराचे झाले.

दाजीसाहेब होमिओपॅथ होते. कुष्ठजंतूंचा नाश करणारे औषध मात्र आधुनिक वैद्यकातून आले, हे नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकेत कारव्हिल येथे १९४१ मध्ये सल्फोन गटातील औषधाचा गुण प्रथम दिसला. १९४६ मध्ये, म्हणजे नेमके मंडळाच्या स्थापनेच्या वर्षी, डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी तत्कालीन मद्रास प्रांतातील चिंगलपेट येथे डॅप्सोनचा वापर सुरू केला. हे औषध स्वस्त होते आणि पुढे गोळीच्या रूपाने घरोघरी देता येऊ लागले. कुष्ठरोग बरा होऊ शकतो, असे म्हणण्याची सोय इतिहासात प्रथमच झाली. दाजीसाहेबांचे मोठेपण औषध शोधण्यात नाही. औषध आल्यावरही जे प्रश्न उरणार होते, त्यांची सोडवणूक त्यांनी हाती घेतली, हे त्यांचे मोठेपण आहे.

वर्ध्याची वाट, अमरावतीची वाट

स्वतंत्र भारताचे कुष्ठरोगविषयक धोरण घडविण्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे, हे फारसे सांगितले जात नाही. १९५१ मध्ये गांधी स्मारक निधीने वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन केले. तेथे डॉ. रा. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन पायऱ्यांची पद्धत विकसित केली. गावातील घरन् घर तपासायचे, चट्टा असलेला माणूस लवकर हुडकायचा, कुटुंबाला रोगाची खरी माहिती द्यायची आणि रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून डॅप्सोनची गोळी द्यायची, असे तिचे स्वरूप होते. १९५५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तो याच पद्धतीच्या पायावर.

वर्ध्याची ही वाट आणि अमरावतीची वाट वरकरणी परस्परविरोधी वाटतात. एक म्हणते, रुग्णाला घरातून हलवू नका. दुसरी घराबाहेर काढलेल्यांसाठी नवे घर बांधते. कुष्ठवसाहतींवर टीकाही झाली. रुग्णांची वेगळी वस्ती केल्याने समाजाची भीती पक्की होते, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो निराधार नव्हता. लाखो रुग्णांच्या देशात किती तपोवने बांधणार, हा प्रश्नही रास्त होता. रोगाचा प्रसार थांबवायचा तर वर्ध्याचीच वाट योग्य होती, याविषयी आज दुमत नाही.

पण सरकारी कार्यक्रमाच्या नोंदवहीत रुग्णाचे नाव चढे ते चट्टा दिसल्यावर आणि उतरे ते उपचार संपल्यावर. त्या आधीची बहिष्काराची वर्षे आणि नंतरची उपासमारीची वर्षे कोणत्याच रकान्यात बसत नसत. जे रुग्ण कार्यक्रम पोहोचण्यापूर्वीच लुळे झाले होते, त्यांच्यासाठी घरीच उपचार या धोरणाला अर्थ नव्हता, कारण त्यांना घर नव्हते. कायदाही त्यांच्या बाजूने नव्हता. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात कुष्ठरुग्ण भिक्षेकऱ्यांना वेगळ्या ठिकाणी हलविण्याची तरतूद होती. १८९८ चा जुना कायदाही पुस्तकात होताच. त्याच १९५९ मध्ये भारत सरकारने दाजीसाहेबांना पद्मश्री देऊन गौरविले. एका हाताने गौरव आणि दुसऱ्या हातात जुना कायदा, अशी ही विसंगती कितीतरी वर्षे टिकली.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी याच काळात आनंदवन उभारले आणि ते जगभर पोहोचले. दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन अशी ही विदर्भातील साखळी पाहिली की, सरकारी धोरणात राहिलेली उणीव याच प्रदेशाने एवढ्या आस्थेने का भरून काढली, याचे उत्तर सेवाग्रामच्या त्या कुटीत सापडते.

दीर्घ आजार, दीर्घ धीर

डॅप्सोनची मोठी अडचण होती ती काळाची. रुग्णाला ती गोळी अनेक वर्षे, काहींना जन्मभर घ्यावी लागे. चट्टा फिका पडला, ताकद आली की माणूस गोळी सोडून देई. शेतीची कामे आली की दवाखान्याची फेरी चुके. परिणामी जंतू औषधाला सरावले. १९६० च्या दशकात डॅप्सोनला दाद न देणारे रुग्ण आढळले आणि पुढील दशकात जगभर त्यांची संख्या वाढली. एकाच औषधावर उभा असलेला कार्यक्रम डळमळीत झाला.

यातून मार्ग निघाला तो बहुविध औषधोपचाराचा. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्रितपणे ठराविक मुदतीत देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये केली. भारतात ही पद्धत ज्या जिल्ह्यांत आरंभी राबविण्यात आली, त्यांत वर्धा जिल्हा होता. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर १९८३ मध्ये नियंत्रण कार्यक्रमाचे नाव आणि उद्दिष्ट बदलून तो राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम झाला. त्या वेळी देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे पन्नासहून अधिक कुष्ठरुग्ण होते.

दाजीसाहेब तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते. चालमोगऱ्याच्या तेलापासून बहुविध औषधोपचारापर्यंतचा सारा प्रवास त्यांच्या हयातीत घडला होता. ७ मे १९८६ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या निधनाच्या तीनच वर्षे आधी, १९८३ मध्ये, अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली होती. त्याच विद्यापीठाला पुढे संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. महारोग्यांना पंगतीला बसविणाऱ्या बाबांच्या नावाचे विद्यापीठ आणि महारोग्यांना घर देणाऱ्या दाजीसाहेबांचे तपोवन एकमेकांच्या शेजारी यावेत, हा अमरावतीच्या इतिहासातील एक सुखद योग म्हणावा लागेल.

आकडा जिंकला, पुढे काय?

त्यानंतरची आकडेवारी अभिमान वाटावी अशी आहे. १९९५ पासून बहुविध औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मोफत मिळू लागली. अल्पजंतू रुग्णासाठी सहा महिने आणि बहुजंतू रुग्णासाठी बारा महिने एवढ्या मुदतीत उपचार पूर्ण होऊ लागले. डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आले आणि कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचे जाहीर झाले.

या घोषणेतील शब्द नीट वाचायला हवे होते. रोग संपला असे त्यात म्हटलेले नव्हते. प्रमाण एका मर्यादेखाली आले, एवढाच त्याचा अर्थ होता. पण समज मात्र रोग संपला असाच झाला. स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्य सेवेत विलीन झाली होती. घरोघर फिरून चट्टे शोधणारा कर्मचारी हळूहळू दिसेनासा झाला, आणि रुग्णाने आपणहून दवाखान्यात यावे, अशी अपेक्षा धरली गेली. ज्या रोगात दुखत नाही आणि ज्याचे नाव सांगायची लाज वाटते, त्यात रुग्ण आपणहून कसा येणार? परिणामी दडलेले रुग्ण वाढले. २०१६ पासून पुन्हा घरोघर शोधमोहिमा काढाव्या लागल्या. वारदेकरांची पहिली पायरीच पुन्हा चढावी लागली.

आजही जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आहेत आणि त्यांची वार्षिक संख्या एक लाखाच्या वर आहे. २०२७ पर्यंत रोगाचा प्रसार थांबविण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. रुग्णाच्या सहवासातील निरोगी माणसांना रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याचा प्रतिबंधक उपायही कार्यक्रमात आला आहे. आशा कार्यकर्त्या गावोगावी चट्टे तपासत आहेत.

कायद्यांचे शहाणपण मात्र फार उशिरा आले. १८९८ चा महारोग्यांचा कायदा केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण विविध व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आले. म्हणजे रोग बरा करणारे औषध आले १९४६ मध्ये, ठराविक मुदतीत पूर्ण होणारा उपचार आला १९८० च्या दशकात, आणि त्या रोगामुळे संसार मोडता येणार नाही हे कायद्याने मान्य केले २०१९ मध्ये. या मधल्या सात दशकांत जे रुग्ण बरे होऊनही बेघर राहिले, त्यांच्या दृष्टीने सरकारचे धोरण यशस्वी झाले होते का, हा प्रश्न विचारायलाच हवा. तपोवन हे त्या प्रश्नाचे एका माणसाने शोधलेले उत्तर होते.

हा धडा एकट्या कुष्ठरोगापुरता नाही. आज वऱ्हाडातील दवाखान्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, पक्षाघात यांचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. २०१० पासून या आजारांसाठीही राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यांचे जंतू नाहीत, पण दुखणी कुष्ठरोगासारखीच चिवट आहेत. ती लक्षणांशिवाय शरीरात बसतात आणि औषध वर्षानुवर्षे मागतात. रुग्ण येथेही अर्ध्यावर गोळी सोडतो, आणि हात-पाय गेलेल्या माणसाची रोजी बुडाली की घराचा हिशेब कोसळतो. लवकर शोधणे, समजावणे आणि अखंड औषध देणे हे वर्ध्याचे सूत्र येथेही लागू पडते. आजाराने काम हिरावलेल्या माणसाचे पुढे काय, हा दाजीसाहेबांचा प्रश्नही येथे तितकाच लागू पडतो. राष्ट्रीय कार्यक्रमांच्या कागदावर पहिल्याची तरतूद दिसते. दुसऱ्याची शोधावी लागते.

तपोवन गेटवर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी उद्याचे डॉक्टर, अधिकारी आणि धोरण आखणारेही निघतील. रस्त्याच्या त्या नावाकडे त्यांनी एकदा थांबून पाहावे. चोपन्नाव्या वर्षी व्यवसाय सोडून एका डॉक्टरने तेथे माणसांना घरे बांधून दिली होती, एवढे त्यांना ठाऊक असले, तरी दाजीसाहेबांचे स्मरण योग्य हातांत गेले असे म्हणता येईल.